आरोग्यमंत्री साहेब, कार्ड मिळालं, दवाखाना कधी देताय?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार साहेब,

आपण कामात असाल, वेळ घेतोय त्याबद्दल क्षमस्व. गेल्या आठवड्यात विमा कंपनीचा मेल आला की अण्णांच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम नामंजूर. आणि त्याच आठवड्यात आमच्या एसटी स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला, प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, वर सगळ्यांचे हसरे फोटो. फ्लेक्स बघून माझं डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६८. म्हणजे ७० च्या वरच्यांसाठी केंद्राने जे मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड काढलं त्यात ते दोन वर्षांनी हुकले. रात्री छातीत कळ आली, घाम फुटला. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं तर ईसीजीचं मशीन होतं पण काढणारा माणूस नव्हता, नर्सबाई एकट्या तीन वॉर्ड बघत होत्या, त्यांना काय बोलणार. तालुक्याचं नाव लिहीत नाही कारण उद्या आईला परत तिथंच न्यायचंय. १०८ मात्र वेळेवर आली, डॉक्टर गाडीत होते, हे मान्य. पण ती गाडी न्यायची कुठं? सरकारी कॅथलॅब, म्हणजे जिथं अँजिओप्लास्टी करतात ती खोली, जवळपास नाही, मग जिल्ह्याच्या गावातलं प्रायव्हेट हॉस्पिटल. दारात त्या फ्लेक्सवरच्याच, राज्याच्या महात्मा फुले योजनेचा बोर्ड होता, जिवात जीव आला.

काउंटरवर पहिला प्रश्न, डिपॉझिट किती भरताय. योजना म्हटलं तर म्हणे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, सकाळी येतो. सकाळी आरोग्यमित्र आला, बिचारा पोरगा चांगला होता, म्हणाला तुम्ही रात्री कॅशमध्ये ॲडमिट झालात, आता पेशंट योजनेत फिरवता येत नाही, शिवाय रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर एक. अहो, इमर्जन्सीत फोनवर मंजुरी घ्यायची आणि कागद नंतर द्यायचे ही सोय तुमच्याच योजनेत आहे ना? मला हे नंतर कळलं. त्या हॉस्पिटलला रात्रीच माहीत असणार. वडील आत स्ट्रेचरवर असताना माणूस जीआर वाचत बसतो का?

बरं, माझ्याकडे प्रायव्हेट पॉलिसी होती. सरकारवर अवलंबून राहू नये असं सगळे सांगतात म्हणून फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा एकच विमा, काढलेला, दरवर्षी हप्ता वाढतोय, त्यावर १८ टक्के जीएसटी, जो सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये कुठं काढला. आजारी पडायच्या भीतीवर टॅक्स लावणारं आपलं सरकार. तर कॅशलेस मिळालं नाही, आधी बिल भरा मग क्लेम करा. पावणेतीन लाख. बायकोचं गंठण सोसायटीत गहाण आहे अजून. स्टेंटची किंमत सरकारनेच २०१७ साली बांधून दिली, तेव्हा तीस हजारांच्या आत होती, मग बाकीचे लाख कशाचे ते बिलावर नुसतं कन्झ्युमेबल्स आणि प्रोसिजर चार्जेस लिहून मोकळे.

आणि क्लेम का नाकारला ते ऐका. ॲडमिट करताना शिकाऊ डॉक्टरने आईला विचारलं बीपी कधीपासून. आई घाबरलेली, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली असतील की दहा वर्षं झालेली. त्याने केसपेपरवर लिहिलं, दहा वर्षांपासून बीपी. गोळी सुरू होऊन तीन वर्षं झालीत, फॅमिली डॉक्टरची पहिली चिठ्ठी आहे माझ्याकडे, पॉलिसी त्याच्या आधीची. पण कंपनीने आईचं ते एक वाक्य उचललं आणि जुना आजार लपवला म्हणून क्लेम फेटाळला. पाच वर्षं हप्ते भरले की फसवणूक सोडून कंपनीला असली जुनी कारणं काढता येत नाहीत असा नियम आहे, आमचं चौथं वर्ष चालू आहे. आता विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्यांकडे, अर्ज टाकलाय. अण्णा घरी आहेत, जेवणात मीठ कमी म्हणून रोज भांडतात, म्हणजे बरे आहेत.

तुम्ही म्हणाल ही कंपनीची तक्रार, माझ्याकडे कशाला. तर साहेब, तुमची योजना तरी वेगळी काय आहे? २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, मग महात्मा फुलेंचं नाव दिलं, पुढे केंद्राची आयुष्मान योजना जोडली, १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू केली. सरकारं बदलली, फ्लेक्सवरचे चेहरे बदलले, पण मूळ गोष्ट तीच, आमच्या टॅक्सच्या पैशातून विमा कंपनीला हप्ता भरायचा आणि पेशंट प्रायव्हेट हॉस्पिटलच्या दारात सोडायचा. मी खिशातून विमा काढला, तुम्ही तिजोरीतून काढला, दोन्हीकडे काउंटरवर बसलेला माणूस ठरवणार की आमचं दुखणं बसतं का नाही. दवाखाना नसताना विम्याचं कार्ड म्हणजे विहीर नसताना पोहरा.

आणि योजनेत ॲडमिट झालं तरच पैसे. महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, ओपीडी सगळं आमच्याच खिशातून. देशात आरोग्यावर होणाऱ्या शंभर रुपयांतले एकोणचाळीस लोक स्वतःच्या खिशातून घालतात, हा केंद्र सरकारचाच २०२१-२२ चा हिशोब. २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, त्याच हिशोबात तो दोनलाही पोचलेला नव्हता. तिकडे आयुष्मानच्या यादीत साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर, दहा वेळा नऊ, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. आमच्या अण्णांच्या नावात एक काना जास्त झाला तर कार्ड चालत नाही आणि तिथं साडेसात लाख माणसं एका फोनवर चालतात. लावून बघू का मी तो नंबर, कोणीतरी उचलेल.

ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या सरकारी दवाखान्यात सगळं मोफत केलंत, चांगलं केलंत, खरंच. पण केसपेपरचे पैसे वाचले आणि गोळ्या बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी हातात. त्यानंतर दीड महिन्यात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जीव गेले. ते खातं वैद्यकीय शिक्षणचं, तुमचं नाही, हे उत्तर आधीच पाठ आहे आम्हाला. मरणाऱ्याने खातं विचारून मरायचं का?

आमच्या कट्ट्यावर एक पार्टी आहे. ती म्हणते सगळं प्रायव्हेट करा, सरकारी म्हणजे घाण. माझा मावसभाऊ तिकडे इंग्लंडमध्ये आहे, तोही सांगतो त्यांच्या सरकारी सेवेत गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. थांबू द्या. हार्ट अटॅकला तिथं डिपॉझिट मागत नाहीत ना? महायुद्धात कंबरडं मोडलेल्या देशाने १९४८ साली ती सेवा सुरू केली. आपल्याकडे आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ सालीच लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये. एवढी वर्षं तो अहवाल कुठल्या कपाटात आहे ते तरी शोधायला लावा एखाद्या बाबूला.

मला फुकट काही नको, टॅक्स भरतो, काडेपेटीवरसुद्धा भरतो. ग्रामीण रुग्णालयातली डॉक्टर, टेक्निशियनची रिकामी पदं भरा, तीही कंत्राटी नको. जिल्ह्याला एक चालू सरकारी कॅथलॅब द्या, उद्घाटन झालेली नको, चालू. आणि योजनेचा बोर्ड लावून रात्री डिपॉझिट घेणाऱ्या हॉस्पिटलचं नाव योजनेतून काढा, मग ते कोणाच्या मेव्हण्याचं का असेना. विमा कंपनीला जे द्यायचं ते त्यानंतर उरलं तर द्या. आणि एक विचारायचं राहिलं, तुमच्यापैकी कोणाच्या छातीत कळ आली तर गाडी कुठल्या सरकारी दवाखान्याकडे वळते?

उत्तर द्यायचं असेल तर कृपया "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे" हे नको. तक्रार पोर्टलवरून ते आधीच आलंय, प्रिंट काढून फाईलला लावलंय.

आपला,
एक केशरी रेशनकार्डवाला