चेहरा लेस्टर यंगचा, नाव कोलमन हॉकिन्सचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला स्विंगच्या जमान्यातल्या जॅझवादकांवरचा आणि त्यांच्या चित्रपटांवरचा लेख मोठ्या आनंदाने वाचायला घेतला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला अर्धं पान दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण फोटोखालची ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला. ‘जॅमिन द ब्लूज’ (१९४४) या लघुपटातला, चपटी हॅट घातलेला तो माणूस लेस्टर यंग आहे. खाली तुम्ही छापलंय ‘कोलमन हॉकिन्स’!

दोघेही टेनर सॅक्सोफोन वाजवायचे, म्हणून ही चूक कुणाला किरकोळ वाटेल. पण ती तशी नाही. १९३४ मध्ये हॉकिन्स युरोपला निघून गेला आणि फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये त्याच्या जागी लेस्टर आला. हॉकिन्सचा सूर भरदार, लेस्टरचा हलका, तरंगता. हेंडरसनची बायको सकाळी सकाळी लेस्टरला उठवून हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवायची, असं वाजव म्हणून. त्याने तसं वाजवलं नाही. काही महिन्यांतच तो बँड सोडून गेला आणि पुढे काउंट बेसीच्या बँडमध्ये आपल्याच सुरात वाजवून मोठा झाला. ज्याने हॉकिन्स व्हायचं नाकारलं, नेमकं त्याच्याच चेहऱ्याखाली तुम्ही हॉकिन्सचं नाव घातलंत.

मला हे इतकं लागायचं कारण घरातलं आहे. माझे मामा मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. पडद्यावर वाद्य नायकाच्या ओठांना, सूर मामांचा, आणि श्रेयनामावलीत नाव कुठेच नाही. ‘जॅमिन द ब्लूज’ दाखवायला मला त्यांनीच एका फिल्म सोसायटीत नेलं होतं. जेमतेम दहा मिनिटांचा चित्रपट. सुरुवातीला नुसती गोल वर्तुळं दिसतात. मग ती हळूहळू कलतात आणि कळतं, ही वरून पाहिलेली हॅट आहे. हॅटखालून लेस्टरचा चेहरा वर येतो, धूर येतो, मग सूर. या चित्रपटातही ध्वनिमुद्रण आधी आणि चित्रीकरण नंतर, अगदी आपल्याकडच्यासारखं. तरी मामा अंधारात माझा हात दाबून म्हणाले होते, “बघ, इथे ज्याचा सूर त्याचाच चेहरा आहे.”

मामा गेल्यावर एका संस्थेच्या स्मरणिकेत त्यांचा फोटो आला. खाली नाव दुसऱ्याच वादकाचं. मामी ते पान मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होत्या. मी विचारायला गेलो, तर “पुढच्या अंकात बघू” म्हणाले. पुढचा अंक निघालाच नाही.

त्या काळच्या हॉलिवूडने कृष्णवर्णीय कलावंतांना ‘मानाने पडद्यावर आणलं’ असंही लेखात आहे. कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्री लीना हॉर्नची गाणी कथेपासून मुद्दाम सुटी ठेवत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत ती कापून चित्रपट दाखवता यावा. आणि ‘जॅमिन द ब्लूज’मध्ये गिटारवाला बार्नी केसेल एकटा गोरा. काळ्यांबरोबर गोरा दिसू नये म्हणून त्याला सावलीत बसवलं आणि जवळून दिसणाऱ्या हातांना बेरीचा रस फासला. याला मान म्हणायचं? लेखकाने हे वाक्य मागे घ्यावं.

दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात नको. त्याच पुरवणीत, तोच फोटो, खाली ‘लेस्टर यंग’. आणि या वेळी फोटो पूर्ण छापा. काल सॅक्सोफोनचा खालचा भाग चौकटीबाहेर गेला होता.

पुरवणीतलं ‘शहरात या आठवड्यात’ हे सदरही दोन महिने दिसलेलं नाही. मैफली आणि फिल्म सोसायट्यांचे खेळ आम्हाला तिथूनच कळायचे. ते कृपया पुन्हा सुरू करा.

कळावे,
आपला जुना वाचक,
गिरगाव, मुंबई