आजीचं नाव यादीत राखणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. गावात ते सगळ्यांना कळेलच, आणि गावाबाहेरच्यांना कळून काही उपयोग नाही. आमच्या यादीभागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादी घरोघर पडताळणाऱ्या, आणि अंगणवाडीच्या ताई, एवढी ओळख पुरे. घरी येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "बसा, चहा टाकते" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत.

२०२४ च्या लोकसभेआधी आमच्या आजीच्या नावावर फॉर्म ७ आला होता. ही मतदार मयत आहे, नाव कमी करा, असं कुणीतरी लिहून दिलेलं. त्या वेळी मयत मतदार ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. अर्ज कुणी दिला ते तुम्हाला माहीत, मलाही माहीत. तो विषय इथे नको. पण तुमचे दीर कोणत्या पॅनलचे आणि आमचं घर कोणत्या पॅनलचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही घरी बसून अर्जावर शेरा मारला असता तर आम्हाला ते थेट मतदानाच्या दिवशी केंद्रावर समजलं असतं. तुम्ही अंगणवाडी सुटल्यावर रजिस्टर काखेत मारून आमच्या दारात आलात. मी सांगायला पुढे झालो तर मला थांबवलंत आणि आजीलाच विचारलंत, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

आजीनं नाव सांगितलं, नवऱ्याचंही ठणठणीत घेतलं, आणि वर म्हणाली, "काहून गं, मेले म्हणून लिवलं का कुणी? हात लावून बघ की."

तुम्ही हसलात, तिचा अंगठा घेतलात आणि निघालात. तुमच्यासाठी ते यादीतलं एक घर होतं, पण मला त्या दिवसापासून एक जुनी गोष्ट सारखी आठवते. देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा सुमारे २८ लाख बायांची नावं मतदार यादीतून गाळावी लागली होती. कारण एवढंच की यादीवाल्यांना त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, यापुढे गाडी जाईना. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि खरं नाव नसेल तर नोंद नको यावर ते ठाम राहिले. त्या २८ लाखांत आमची पणजी होती की नव्हती, हे सांगायला आता कुणी उरलं नाही.

आजीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. अर्ध्या गावाची तीच आहे, शाळेत मास्तरांनी ठोकून दिलेली. पण रजाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या वेळी ती परकर नेसत होती, एवढं तिला पक्कं आठवतं. तेव्हा आपली हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी निजामाच्या राज्यात. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. रात्रीतून माणसं नदी ओलांडून तिकडे जायची. आजीच्या आईनं तिच्या पायातले वाळे काढून फडक्यात बांधले होते, आवाज होऊ नये म्हणून. पाणी कमरेएवढं होतं आणि धाकटा भाऊ मामाच्या खांद्यावर होता, असं ती सांगते. पुढचं दर वेळी थोडं वेगळं सांगते.

त्या राज्यात सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. त्या हुकमाला 'गश्ती निशाण ५३' म्हणत. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर ती स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं तुरुंगात गेली. भारत १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला आणि आपण वर्षभर तसेच, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तेव्हा भारताची फौज आली आणि निजाम शरण आला. आजी त्याला अजून 'पोलिस ॲक्शन' म्हणते. त्यानंतर काही गावांतल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, तेही सांगते, पण आवाज उतरवून. त्यावरचा सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारनं कित्येक दशकं लोकांसमोर येऊ दिला नाही. झेंडावंदनाच्या भाषणात हे येत नाही. यायला पाहिजे.

हे सगळं तुम्हाला कशाला ऐकवतोय? तर आपल्या पारावर हल्ली जो तो एकच पालुपद लावतो, की राजकारणाचा वीट आला, याच्यापेक्षा मिलिटरी राज्य बरं. वीट येण्यासारखं आहेच म्हणा. आरक्षणावरून गावात दोन तट पडले, व्हॉट्सॲपवर गावाचे दोन ग्रुप झाले, एकाच्या दुकानात दुसरा उधारीलाही जाईना. ते मला मुळीच गोड वाटत नाही. त्यात पोरं वाया जातात. पण बाकीचा गोंगाट? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि मोंढ्यातल्या बाजारात चार हजाराच्या मागेपुढे, यावर भांडायचं नाही तर कशावर? आमचे वडील आणि चुलते एका ताटात जेवतील पण एका चिन्हावर यायचे नाहीत. पारावर दोघं एकमेकांच्या पुढाऱ्याची जी सालं काढतात, त्यातलं एक वाक्य जरी १९४७ साली मोठ्यानं बोलले असते तर रात्री घरी पोचले नसते. मिलिटरी राज्यवाल्यांना एकदा आमच्या ओसरीवर आणून बसवायचं माझ्या मनात आहे. आजी बघून घेईल.

तर, नाव राहिलं. पुढे तुम्ही स्वतःच १२-डी फॉर्म घेऊन आलात. ८५ च्या वरच्यांना घरून मतदान करता येतं, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यावा लागतो, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. २६ एप्रिलच्या मतदानाआधी ते पथक आलं. दोन कर्मचारी, एक पोलीस, शूटिंगवाला पोरगा, आणि वाट दाखवायला तुम्ही. ओसरीवर खाट सरकवून पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. वडील एका बाजूनं घुटमळत होते, चुलते दुसऱ्या बाजूनं, दोघांनाही आई आपलीच वाटत होती. नजर कमी असेल तर सोबत एक माणूस घेता येईल, असं साहेब म्हणाले. आजीनं दोघांकडं एकदा बघितलं. "मला दिसतंय. तुम्ही बाहेर व्हा."

आत ती बराच वेळ होती. मतपत्रिका लहान पाकिटात, ते पाकीट आणि अंगठा लावलेलं घोषणापत्र मोठ्या पाकिटात. चिकटवताना डिंक तिच्या लुगड्याला लागला आणि त्यावरून साहेबालाच बोलणी बसली. मत कुणाला दिलं ते आजतागायत घरात कुणाला ठाऊक नाही. वडील आणि चुलते त्यावर अजून हुज्जत घालतात.

बीएलओच्या कामाचे तुम्हाला तेव्हा वर्षाला सहा हजार मिळायचे. २०२५ मध्ये आयोगानं ते बारा केले. म्हणजे महिन्याला हजार, आणि त्यात घरोघरच्या शिव्या फुकट. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ ला संपून वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिला, त्याचा राग लोकांनी काढला कुणावर? यादी घेऊन दारात आलेल्या बाईवर. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या पॅनलच्या लोकांनीही तुम्हाला आजीच्या नावावरून सुनावलं, तेही कानावर आलंय. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

आभारी आहे, ताई. आजीनं तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं काढून ठेवलंय, बरणी परत आणून द्यायची अट आहे.

आणि एक काम आहे. आमच्या पुतणीला यंदा सप्टेंबरात अठरा पूर्ण होतात, मतदार नोंदणीच्या १ ऑक्टोबरच्या तारखेत बसते. नाव नोंदवायचा फॉर्म ६ तिनं मोबाईलवरून भरावा की तुमच्याकडे कागद आणून द्यावेत, तेवढं कळवा. तुमच्या दिरांनाही निरोप द्या, येत्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा हिशोब मी मागणार आहे. मागच्या वेळेसारखा माईक बंद पडला तर बिनमाईकचा मागीन.

तुमचा,
खालच्या आळीचा भाऊ