खाटेला प्रार्थनेची अट नको

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पुणे स्टेशनच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या व्यसनाधीन माणसांसाठी आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा उपासक समुदाय, दर बुधवारी रात्री चहा आणि पोळीभाजी घेऊन जाते. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक या पदावरून निवृत्त झाल्यापासून मीही सोबत असतो. तिथे पहिल्याच रात्री कळले की कप अर्धाच भरायचा असतो. दारूवाचून काही तास गेलेल्या माणसाचे हात इतके थरथरतात की भरलेला कप ओठांपर्यंत पोहोचत नाही, आणि सांडलेल्या चहाची त्याला अशी लाज वाटते की पुढे तो आपल्याशी एक शब्दही बोलत नाही.

हा चहा धर्मांतरासाठी पाजता का, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही ज्या शहरात ग्रामण्याला, म्हणजे धर्मबाह्य वर्तनाच्या आरोपाला आणि बहिष्काराला, तोंड द्यावे लागले, तिथे या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. मात्र त्याचे उत्तर आमच्या वागण्यातून मिळायला हवे, आणि ते सगळीकडे मिळतेच असे मी म्हणणार नाही. निवारा देताना उपासनेला बसण्याची अट घालणारे लोक मी पाहिले आहेत. ज्याला आज रात्री कुठे निजायचे याची भ्रांत आहे, त्याचा होकार खाटेसाठी असतो. ‘आमेन’ कुठे म्हणायचे हे तो आठवडाभरात शिकतो.

दुसरी चूक आमच्याच मंडळीची, म्हणून ती अधिक स्पष्टपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मध्यमवयीन गृहस्थाने दारू सोडण्याचा निश्चय केला. आम्ही त्यांना सभागृहात ठेवून रात्रभर प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना आकडी आली. रिक्षातून रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी आणि त्यानंतर भ्रमाचा झटका येऊ शकतो, त्यात जीवही जाऊ शकतो, हे नोकरीत पाहिलेले असूनही त्या भारावलेल्या वातावरणात मी गप्प बसलो होतो. तेव्हापासून आधी डॉक्टर आणि मग पाळक (मंडळीचे धर्मगुरू), असा क्रम आम्ही ठरवून घेतला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. अशा रुग्णांना निवासी ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी आवश्यक आहे, मग ते केंद्र कोणत्याही धर्माचे असो.

याचा अर्थ पाळकाचे काम दुय्यम, असा नव्हे. औषधाने थरथर थांबते. पण बायकोचे मंगळसूत्र विकून प्यालेल्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, ते ऐकायला कोणीतरी लागतेच, आणि क्षमेविषयी बोलण्याची भाषा आमच्या परंपरेत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेत झाली ती ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या प्रभावातून; तरीही ईश्वराची कल्पना त्यांनी ज्याच्या त्याच्यावर सोपवली. उपचार घेऊन माणूस घरी गेला तरी पाठपुरावा संपत नाही, हे पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानेही दाखवून दिले आहे.

अडचण अशी की आमच्या माणसाला जायला घरच नसते. तीन महिने कोरडा राहिलेला माणूस त्याच फुटपाथवर, बाटली पुढे करणाऱ्या त्याच सोबत्याशेजारी परत गेला, तर आमच्या समुपदेशनाचे किती दिवस टिकणार? शहरी बेघरांच्या निवारा योजनेत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा, बारमाही आणि चोवीस तासांचा निवारा अपेक्षित धरला होता. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. म्हणजे त्याच आकड्यावर ३१ निवारे व्हायला हवेत, आणि हद्द तर त्यानंतर बरीच वाढली आहे.

महापालिकेकडे हा हिशेब जरूर मागावा, पण शहरातील मंडळ्यांची सभागृहे सोमवार ते शनिवार बहुतेक कुलूपबंद असतात, हेही आपण पाहावे. व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण केलेल्या आठ-दहा जणांना प्रत्येक सभागृहात वर्षभर खाट, पेटीला जागा आणि कामासाठी सांगता येईल असा पत्ता देणे अशक्य नाही. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाची हमी दिली. त्या माणसाने कोणाची प्रार्थना करावी, हे त्याने विचारल्याचे शुभवर्तमानात कुठेही नाही.

आमच्या मंडळीच्या कार्यकारिणीत हा विषय दोनदा निघाला आणि लग्नसराईत सभागृहाचे भाडे बुडेल या कारणाने दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. पुढील बैठकीपूर्वी हे पत्र आपण छापल्यास आभारी राहीन.

आपला,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक
रास्ता पेठ, पुणे