‘फंक्शनल’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

‘फंक्शनल मेडिसिन’ हे शब्द हल्ली जाहिरातींत आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसतात. वैद्यकात ‘फंक्शनल’चा जुना अर्थ मात्र वेगळाच आहे. दुर्बिणीने, सोनोग्राफीने काही सापडत नाही, पण आतड्याचे काम बिनसलेले असते, अशा आयबीएस (वारंवार पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ) यांसारख्या तक्रारींना फंक्शनल म्हणतात. ‘फंक्शनल मेडिसिन’ हे नाव अमेरिकेत जेफ्री ब्लँड या जीवरसायनतज्ज्ञाने रुजवले. त्यांची संस्था १९९१ची. आहार, झोप, ताण यांची सविस्तर चौकशी करून आजाराचे मूळ शोधायचे, ही त्यामागची भूमिका. चौकशीला कोण नाही म्हणेल? पाच मिनिटांच्या ओपीडीत ती होत नाही, हे खरेच. पण मूळ शोधणे नवे नाही; लोह कमी झाले तर रक्त कुठून जाते ते आधी पाहा, हे एमबीबीएसलाच शिकवतात. आपल्याकडे या नावाची एमडी नाही. तेव्हा पाटीवर मूळ पदवी कोणती, ते आधी वाचावे.

खरी गोची तपासण्यांच्या गठ्ठ्यात आहे. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसे तीत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या आकड्यावर गोळ्या सुरू होतात.

अन्न ‘सोसत नाही’ म्हणून केली जाणारी आयजीजी (रक्तातील एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी) चाचणी तर त्याहून फसवी. रोज गहू-दूध खाणाऱ्याच्या रक्तात त्यांची आयजीजी असणारच. ती खाल्ल्याची खूण आहे, अ‍ॅलर्जीची नव्हे. अ‍ॅलर्जीशी संबंध असतो तो आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाचा, आणि तोही लक्षणांशी ताडून पाहावा लागतो. अशा रिपोर्टवरून आधीच गहू सोडला, तर पुढे सीलिअॅकची (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी ही रक्तचाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून रक्त आधी द्यावे, पथ्य नंतर.

केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व असते. लॅबच्या काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे नसलेला हायपरथायरॉइड (थायरॉइडचे अतिकाम) कागदावर उमटतो. थायरॉइड तपासण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि लॅबमध्ये तसे सांगावे.

– एक पॅथॉलॉजिस्ट, सांगली