नकाशा फिरवून ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण कऱ्हेच्या खोऱ्यातल्या आमच्या भागातले लोक बरोबर ओळखतील मी कोणाबद्दल लिहितेय. फोनवर थँक्यू म्हणाले होते पण ते काय खरं थँक्यू नव्हे, आणि ग्रामसभेत ठराव झाल्यापासनं डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहूनच टाकते.

पाणी कुठनं येतं, कुठं जातं त्याचा नकाशा करायला तुम्ही आमच्या गावात आलात, त्याच कामाला तुमच्या आधी एक टीम येऊन गेलेली. मोठी गाडी, गॉगल, ड्रोन, सगळा थाट. अहवाल दिला, जाडजूड, रंगीत, इंग्रजीत. पंचायतीच्या कपाटात पडलाय, कोणी उघडला असेल असं वाटत नाही. त्याच्या जोरावर खालच्या ओढ्याला सिमेंट बंधारा झाला, पोकलेन लावून ओढा खरवडला, फोटोबिटो काढले आणि वर डोंगराला कोणी हात लावला नाही. मग काय, माथ्यावरनं सुटलेली माती सगळी येऊन बसली बंधाऱ्यात, दिवाळी झाली की कोरडा ठाक. विचारायला गेलो तर म्हणे कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये असंच आलंय. बरं आलं असेल, पण एकदा माळावर चढून तरी बघायचं ना!

म्हणून तुम्ही लॅपटॉप काढलात तेव्हा बायका उठायच्याच बेतात होत्या. देवळात तुम्ही तो फ्लेक्सवर छापलेला मोठा नकाशा अंथरला, सगळे बघतायत आणि कोणाला काही उमजेना. नकाशात उत्तर वर असते हे शाळेत शिकलोय आम्ही, पण आमचा डोंगर दक्षिणेला, आणि आम्ही बसलेलो त्या बाजूनं सगळं उलटंच दिसत होतं. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. उठलात, तशाच अनवाणी बाहेर जाऊन डोंगर कुठंय ते बघून आलात आणि नकाशाची टोकं धरून तो अख्खा फिरवलात, कागदावरचा डोंगर खऱ्या डोंगराच्या अंगाला आला. एवढंच केलंत. आणि आमच्या सासूबाई, ज्यांना सहीपण येत नाही, त्या रांगत नकाशावर गेल्या आणि सीताफळाच्या बागेवर बोट ठेवून म्हणाल्या ही आपली, आणि हितनं वरनं पाणी येतं, ते तुमच्या रेघेत न्हाई. मग काय, सगळ्याच सरसावल्या, कोणाची विहीर आधी आटते, कुठं बांध फुटतो, कुठल्या ओघळीला काय म्हणतात. तुम्ही मार्करनं लिहीत गेलात, मराठीत, आम्ही म्हणतो तीच नावं.

मला अजूनही ते आठवलं की भरून येतं. इतक्या वर्षांत आमच्या बाजूनं बघायचं कोणाला सुचलं नव्हतं हो.

आणि तुम्ही स्वतःहून सांगितलंत की उंचीचा हा डेटा 2000 साली अंतराळातनं रडारनं मोजलेला आहे, त्याची एकेक चौकट 30 मीटरची, त्यात तुमचे बांध दिसणारच नाहीत, म्हणून तुम्हाला विचारायला आले. शिकलेलं माणूस आपल्या मशीनला काय दिसत नाही ते आधी सांगतं, असं मी तरी पहिल्यांदाच बघितलं. हुशार लोक खूप भेटतात, सरळ कमी भेटतात. पगार दोघांनाही मिळत असेल, असो.

प्लॉटिंगचं तर तुमच्यामुळंच कळलं लोकांना. माथ्यावरचा माळ सपाट करून प्लॉट पाडायचं घाटत होतं, बरेच जण खूशही होते. तुम्ही ते कर्व्ह नंबरचं गणित करून दाखवलंत, म्हणजे कसल्या जमिनीवरनं पावसातलं किती पाणी वाहून जातं त्याचा हिशोब, 50 मिलिमीटरचा एक पाऊस पडला तर मध्यम जमिनीवर चांगलं गवत असेल तर जेमतेम 2 मिलिमीटर वाहून जातं, आणि तिथंच काँक्रीट केलं तर 44. आमच्यातल्या एकानं विचारलं म्हणजे किती, तर तुम्ही म्हणालात 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर म्हणजे 10,000 लिटर, आता करा तुम्हीच गुणाकार. टँकरच्या भाषेत हिशोब झाल्यावर मागं बसलेले लोकसुद्धा गप्प झाले. साडेचार लाख लिटरच्या आसपास, एका हेक्टरवरनं, एका पावसात, थेट खालच्या वाटाण्यात!

तर ठराव झालाय ताई. गायरानावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि काम माथ्यापासनंच सुरू, आधी वर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले, मग खाली बघू. जुना बंधारा राहील तिथंच, गाळ काढायचा तेवढा. विरोध झाला, दोघंतिघं तर तावातावानं उठून गेले, येतील परत, जातात कुठं.

एकच अडचण आहे. तुमचा नकाशा बघितला तर वरचा अर्धा माळ शेजारच्या गावच्या हद्दीत येतो, पाणी आमच्याकडं उतरतं पण चर त्यांनी खणायला पाहिजेत. त्यांचे सरपंच परवा येऊन नकाशा बघून गेले, बराच वेळ उभे होते, आणि जाताना तुमचा नंबर मागितला. तुम्हाला न विचारता दिलेला नाही. देऊ का ते कळवा, आणि आलात तर मुक्काम आमच्याकडं, त्यांच्याकडं नाही.