मनूची एन वन: आता नको, दहावीनंतर

पुणे

प्रिय अंजू,

मनूला या डिसेंबरात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, बसवावं का, असं तू विचारलंस. फोनवर मी ‘नको’ एवढंच म्हणाले असते आणि तू दिवसभर विचार करत बसली असतीस. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी माझं मत सांगते. या डिसेंबरात एन वन नको. पुढच्या जुलैत, ती नववीत असताना, तिला त्याखालची एन टू जरूर देऊ दे. दहावीचं वर्ष मोकळं सोड. बोर्ड संपल्यावर एप्रिल ते जून हाताशी असतील, तेव्हा नीट तयारी करून जुलैत एन वन. तोवर ती सोळाची होत आली असेल. तू म्हणशील, इतकं अस्खलित बोलणाऱ्या मुलीला तीन वर्षं कशाला थांबवायचं? ती टोकियोत निशिकासाईच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकली, तिथल्या मुलींशी भांडली, खेळली. तिचे उच्चार ऐकून माझ्या वर्गातली मोठी मुलं गप्प होतात. ते सगळं खरं आहे. पण एन वनमध्ये बोलायचं नसतंच गं. लिहायचंही नसतं. सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. शब्द-व्याकरण आणि वाचन मिळून ११० मिनिटं, आणि मग श्रवण. मनूचं जे सगळ्यात सुंदर आहे, तिचं बोलणं, त्याला तिथे एकही गुण नाही.

आता गुणांचं गणित बघ. शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण, प्रत्येकी ६०, एकूण १८०. उत्तीर्ण व्हायला १०० लागतात, पण प्रत्येक भागात निदान १९ हवेतच. श्रवणात ६०, शब्द-व्याकरणात ४० आणि वाचनात १५ असे ११५ मिळवणारं मूल नापास होतं. जपानहून परतलेल्या मुलांचा निकाल बहुतेक वेळा याच आकाराचा असतो. माझ्याकडे असाच एक मुलगा यायचा. वडिलांच्या आग्रहाने चौदाव्या वर्षी बसला, श्रवणात जवळजवळ पैकीच्या पैकी, वाचनात अडकला. ज्या भाषेत आपण घरच्यासारखे वावरतो असं त्याला वाटायचं, तिच्याच परीक्षेत नापास झाल्याचं त्याच्या फार मनाला लागलं. पुढे कित्येक महिने त्याने जपानी पुस्तकाला हात लावला नाही. एवढी किंमत मनूने मोजू नये, असं मला मनापासून वाटतं.

वाचनाचं का अडतं? एक कारण कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं. जपानी प्राथमिक शाळेत पहिलीला ८०, दुसरीला १६०, तिसरीला २००, चौथीला २०२ आणि पाचवीला १९३ कांजी शिकवतात. म्हणजे मनू ८३५ कांजी शिकून परतली. सहावीच्या १९१ राहिल्या, आणि रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या एकूण कांजी २१३६ आहेत. एन वनची अधिकृत यादी २०१०पासून छापत नाहीत, पण जुन्या पहिल्या पातळीला सुमारे २००० कांजी आणि १०००० शब्द धरलेले होते, आणि आम्ही शिक्षक अजून तोच अंदाज धरतो. ही दरी घोकंपट्टीने काही प्रमाणात भरता येते. तिची मला फारशी काळजी नाही.

काळजी दुसऱ्या कारणाची आहे. एन वनचे उतारे अग्रलेखासारखे, टीकालेखासारखे असतात. लेखक एक मत मांडतो, मध्येच विरुद्ध बाजूचं म्हणणं मान्य करतो, मग हळूच वळण घेतो, आणि प्रश्न असा येतो की लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे. एका प्रश्नात तर एकाच विषयावरचे दोन मजकूर शेजारी ठेवून ते कुठे जुळतात आणि कुठे वेगळे होतात हे विचारतात. तेरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक शब्द कळला तरी हे कळेलच असं नाही. जपानमधल्या तेरा वर्षांच्या जपानी मुलीलाही ते अवघडच जाईल. हे वयाबरोबर आणि वाचनाबरोबर येतं.

कॅनडातल्या जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९च्या सुमारास हा भेद मांडला. परदेशी शाळेत गेलेलं मूल साधारण दोन वर्षांत त्या भाषेत सफाईने बोलू लागतं, पण अभ्यासाची, युक्तिवादाची भाषा त्या वयाच्या मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्याचं दुसरं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं: विचार समजून घेण्याची ही ताकद दोन भाषांत दोन वेगळ्या खणांत राहत नाही, खाली ती एकच असते. म्हणून तुला एक करून बघायला सांगते. मराठी दैनिकातला एखादा अग्रलेख मनूपुढे ठेव. वाचून झाल्यावर विचार, ‘लेखकाचं म्हणणं काय? तो कोणाशी वाद घालतोय? तुला पटलं का?’ मराठीतून तिला ते सांगता आलं नाही, तर जपानी उताऱ्यातूनही येणार नाही. आणि ज्या दिवशी ती तावातावाने ‘हे मला पटलं नाही’ म्हणून कारणं देईल, त्या दिवशी मला कळव. मी तारखा बदलायला तयार आहे.

यातच तुझ्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तरही आहे. शाळेतल्या सक्तीच्या मराठीमुळे जपानीला वेळ उरत नाही, असं तू म्हणालीस. तो वेळ वाया जातोय असं समजू नकोस. मराठीत धडा वाचून त्यावर चार वाक्यं स्वतःची लिहिणं ही एन वनचीच तयारी आहे.

वयाबद्दल मी उगाच अडून बसले नाहीये. जेएलपीटीला वयाची अट नाही, हे बरोबर. पण जर्मनच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्था, म्हणजे आपलं मॅक्समुल्लर भवन, सी वन या वरच्या पातळीसाठी वय सोळा आणि त्याहून वरच्या सी टूसाठी अठरा असावं अशी शिफारस करते. तिथल्या वरच्या पातळीच्या उताऱ्यांचीही हीच मागणी असते.

भाऊजींचा मुद्दा प्रमाणपत्राचा आहे, तोही मी विचारात घेतलाय. जपानच्या गुणांवर ठरणाऱ्या उच्चकुशल व्यावसायिक व्हिसाला एन वनचे १५ आणि एन टूचे १० गुण मिळतात, खरं आहे. पण ते नोकरीच्या वयात. जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला मुदत नसली तरी काही ठिकाणी अलीकडचाच निकाल मागतात. आणि मनूला पदवीसाठी तिकडे जायचं असेल, तर पुष्कळ विद्यापीठांना ईजेयू, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीची प्रवेशपरीक्षा, लागते. त्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात, आणि तिथे अर्ध्या तासात ४०० ते ५०० अक्षरांचा निबंध हाताने लिहावा लागतो. अकरावी-बारावीत खरा कस तिथे लागणार आहे. मग तेराव्या वर्षी मिळवलेल्या कागदापेक्षा सोळाव्या वर्षी कमावलेलं वाचन तिच्या जास्त कामी येईल.

मात्र थांबायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही, अंजू. परतून दोन वर्षं झाली आहेत, आणि मुलांची भाषा फार वेगाने विरते. बोलणं टिकतं, कांजी आधी जातात. मागच्या भेटीत ती ‘वाचता येतं पण लिहिताना आठवत नाही’ म्हणाली, तेव्हाच मला धोका दिसला. म्हणूनच एन टू लांबवू नको म्हणते. त्या निमित्ताने वर्षभर वाचन होईल आणि पास झाल्याचा आनंदही मिळेल. सहावीच्या कांजी रोज थोड्या, वहीत, हाताने. कानकेन या कांजीच्या परीक्षेच्या सराववह्या मी देते. परीक्षेसाठी नाही, हात चालू राहावा म्हणून. बाकी तिला आवडेल ते वाचू दे. आओझोरा बुन्को या जपानी संकेतस्थळावर हक्कमुक्त झालेल्या जुन्या गोष्टी फुकट आहेत, पुष्कळ ठिकाणी कांजीवर उच्चारही दिलेले असतात. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत असेल तर अडवू नकोस, फक्त त्याच्या जोडीला आठवड्यातून एक सलग लेख असू दे. आणि निशिकासाईतल्या त्या मैत्रिणीशी व्हिडिओ कॉल चालू ठेव. परीक्षेत त्याला गुण नाहीत, पण मनूला जपानी हवीशी वाटते ती त्या मैत्रिणीमुळे.

एक राहिलं. हे सगळं तू आणि मी ठरवतोय, मनूला कोणी विचारलंय का? तिला एन वन आत्ताच द्यायची असेल, निकाल काहीही लागला तरी चालेल असं ती स्वतः म्हणत असेल, तर माझा विरोध नाही. फक्त ते तिच्या तोंडून ऐकू दे.

दिवाळीत दोघी या. तिला एन टूचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायला देईन आणि वाचनाचा भाग तिच्याबरोबर बसून तपासेन. त्यावरून जुलै नक्की करायचा की डिसेंबर ते ठरवू. अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच भरावा लागतो आणि पुण्याच्या केंद्रावर गर्दी असते, त्यामुळे पासपोर्ट आणि फोटो तयार ठेव.

काकूंना नमस्कार सांग, मनूला खूप प्रेम.

तुझी,
शमा