ताई, तुमच्या त्या वहीसाठी थँक्यू

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. खरं तर हे पत्र वाचनालयात येऊन तुमच्या हातात द्यायला हवं होतं, पण मी ते मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्या पुस्तकासाठी काय केलंत हे तुम्ही स्वतःहून कोणालाच सांगणार नाही आणि मला मात्र ते लोकांना कळायला हवंय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मी चित्रकार आहे, गिरगावात राहते. भाऊच्या धक्क्यावरून निघून रेवस, अलिबाग, कोर्लई, मुरूड, हर्णे, दाभोळ करत जयगडपर्यंत, जिथे जिथे खाडी आडवी आली तिथे ती बोटीनेच ओलांडत जो प्रवास केला त्याचं एक चित्रमय प्रवासवर्णन मी केलंय, जलरंगातली चित्रं आणि सोबत हाताने लिहिलेला मजकूर. छापायला द्यायच्या आधी कलर प्रिंट काढून स्पायरल केलेली एक डमी मी ताईंच्या दादरच्या वाचनालयात घेऊन गेले, लोकांना यातलं काय आवडतं ते कळावं म्हणून. सोबत एक फीडबॅक फॉर्म ठेवूया का असं विचारलं तर ताई म्हणाल्या, फॉर्म नको, फॉर्मवर लोक 'छान आहे' लिहितात आणि चपला घालून निघून जातात, पुस्तक पेपरच्या टेबलावर राहू दे, मी बघते.

आणि ताई, तुम्ही खरंच बघितलंत! देवघेव सांभाळून, पुस्तकांवर शिक्के मारून, फोन घेऊन, मधेच उठून पंखा कमीजास्त करून तुम्ही एका फुलस्केप वहीत लिहीत गेलात की कोण कुठल्या पानावर थांबलं, कोणी पान उलटून परत मागे आलं, कोणी शेजारच्याला बोलावून दाखवलं, कोणी काय मोठ्याने वाचलं. नावं कोणाचीच नाहीत. नुसतं 'पेपरवाले आजोबा', 'सीएच्या क्लासची मुलगी', 'आईची वाट बघत बसलेला मुलगा' असं. ती वही तुम्ही मला दिलीत तेव्हा मी ती घरी नेऊन एका बैठकीत वाचून काढली आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून वाचली. चित्रकाराला कौतुक करणारे खूप भेटतात हो, नशिबाने मलाही भेटले, पण आपलं चित्र बघताना माणसाचं बोट कुठे थांबलं हे सांगणारं कोणी भेटत नाही.

त्या वहीमुळे पुस्तकात काय काय झालं ते मला इथे नीट लिहायचंय.

सगळ्यात जास्त लोक थांबले ते भरती-ओहोटीच्या पानावर. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, तर वेळ कशी काढायची याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब मी तिथे एका कोपऱ्यात लिहिला होता. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते म्हणून हा हिशोब अंदाजाला बरोबर बसतो, अर्थात पाण्यात पाय घालायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचंच. तुम्ही लिहिलंय की लोक हे वाचून भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी जायचे, तिथी बघायचे आणि मग दादर चौपाटीवर आत्ता पाणी कुठे असेल यावर वाद घालायचे, आणि एक काका तर संध्याकाळी खरंच चौपाटीवर बघून आले आणि दुसऱ्या दिवशी 'बरोबर आहे' सांगायला आले. हे वाचून मला किती आनंद झाला काय सांगू!

आणि त्याच पानावर तुमची ती नोंद, मासे विकून झाल्यावर मासिक बदलायला येणाऱ्या मावशींची. त्या म्हणाल्या की पोरीने उधाण काढलंय, भांग काढला नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि उतरतंही खूप, पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, म्हणजे ओहोटीची वेळ गाठली तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहणारच. केवढी कामाची गोष्ट! आता पुस्तकात त्या पानावर तटाची दोन चित्रं आहेत एकाखाली एक, एक उधाणाचं आणि एक भांगाचं, पाण्याच्या रेषा वेगवेगळ्या. मावशींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्यासाठी पुस्तक पाठवतेय ते त्यांना स्वतःच्या हाताने द्या.

मग ते फेरीबोटीचं पान. आगरदांड्याहून दिघी, मग सावित्रीच्या खाडीत बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शेवटी शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड, अशा सगळ्या फेऱ्या मी एकाच लांब पट्टीत काढल्या होत्या. मोठ्यांनी ते पान बघून सोडून दिलं पण तो आईची वाट बघणारा मुलगा तिथे बराच वेळ होता, टेम्पो, बाइका, जीप सगळं मोजत, आणि मग त्याने तुम्हाला विचारलं की एवढं वजन चढल्यावर बोट बुडत का नाही. तुम्ही तो प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवलात म्हणून मी तिथे बोट मधोमध कापल्यासारखं एक चित्र टाकलं, तिचा सपाट तळ, त्याने बाजूला सारलेलं पाणी आणि किनाऱ्यावर टेकवायची ती पुढची फळी. मला विचाराल तर आता ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान झालंय.

हर्णेच्या पानाबद्दल लिहिताना मला जरा भरून येतंय. तिथे मी संध्याकाळी वाळूत चालणारा मासळीचा लिलाव काढलाय, मागे सुवर्णदुर्ग. पण तुमच्या वहीतल्या एक आजी लिलावाकडे बघतच नव्हत्या, त्या मागच्या मोकळ्या समुद्राकडे बघत होत्या. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जायच्या. बोट हर्णेला लांब उभी राहायची, मग पडाव, म्हणजे किनाऱ्यावरच्या होड्या, यायचे आणि हलत्या बोटीतून त्या पडावात उतरायचं, पोरं, ट्रंका, गोण्या सगळं. बोट लागायची म्हणून आई आवळासुपारी हातात ठेवायची. हे सगळं त्या तुमच्याशी बोलल्या आणि तुम्ही त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलंत. मी आजींची परवानगी तुमच्यामार्फत घेतली आणि त्या मोकळ्या समुद्रात पेन्सिलीने, अगदी फिकट, एक बोट आणि तिच्याकडे निघालेला पडाव काढला, आणि खाली आजींचे शब्द. ती बोटसेवा आता नाही. आमच्या पिढीला कोकण म्हणजे एसटी, रेल्वे आणि हायवे, पण या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचं मुंबईशी नातं आधी पाण्यावरूनच जोडलेलं होतं आणि ते आजींच्या बोलण्यात अजून जिवंत आहे.

आणि रेवसच्या आधीचं पान. 17 जुलै 1947 ला सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारी अमावस्येचा दिवस, लोक घरी चालले होते. त्या पानावर काय काढावं हे मला समजत नव्हतं म्हणून मी पूर्ण पान फक्त पावसाळी पाणी रंगवलं, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येतो तो राखाडी, आणि खाली तारीख. लोकांना हे रिकामं वाटेल का अशी मला शंका होती. तुमच्या वहीत त्या पानासमोर एवढंच आहे की लोक बोलायचे थांबतात, आणि एक आजोबा म्हणाले की आमच्या आळीतली माणसं होती त्यात, बरं झालं इथे बोट नाही काढली. ताई, ही एक ओळ माझ्यासाठी फार मोठी आहे. ते पान जसं होतं तसंच छापलंय.

कोर्लईचं पान थोडक्यात सांगते. तिथल्या गावात अजून पोर्तुगीजमधून आलेली एक वेगळीच बोली बोलतात हे वाचून बहुतेकांनी 'अलिबागजवळ?' असं विचारलं म्हणे, म्हणून नकाशात कोर्लई आता ठळक केलंय. आणि नकाशा बघताना सगळेच तो तळहाताने सपाट दाबून बघतात हे तुम्ही सांगितलंत, म्हणून पुस्तकाला शिलाईची बाइंडिंग केली, महाग पडली पण पुस्तक आता टेबलावर आडवं उघडं राहतं.

सूर्यास्ताचं जे मोठं, दोन पानी चित्र माझं सगळ्यात लाडकं होतं त्यावर लोक 'वा' म्हणतात आणि उलटतात, हेही तुम्ही स्पष्ट लिहिलंत. आणि पुढे लिहिलंत की माणसं जिथे आहेत तिथे लोक थांबतात. लाँचमध्ये डब्यातलं खाणारं कुटुंब, टोपलीवर हात ठेवून झोपलेली बाई, तिकीट फाडणारा माणूस. तुम्ही मला म्हणालात की आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या चित्रकार धुरंधरांची मुंबईची चित्रं बघ, पगडी, पदर, चालणं, त्या काळची माणसं आपण आजही ओळखतो की नाही. म. वि. धुरंधर 1944 मध्ये गेले, आणि मी कॉलेजपासून त्यांची चित्रं बघत आले होते, पण वाचकाच्या नजरेने बघायला तुम्ही लावलंत. सूर्यास्त ठेवलाय, एका पानाचा केलाय, आणि उरलेल्या पानावर लाँचमधली माणसं आलीयेत.

आता हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. पुस्तक छापून आलंय आणि बऱ्याच जणांनी घेतलंय, वाचलंय, खूप प्रेमाने मेसेज करताय त्याबद्दल मनापासून आभार. पण मला ताईंच्या वहीसारखं सांगा ना. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात, परत मागे कुठे गेलात, घरात कोणाला बोलावून काय दाखवलंत, कुठलं पान पटकन उलटलंत तेही सांगा, वाईट वाटणार नाही. तुमच्या गावाचं काही दिसलं का, काही राहून गेलं का. घरात कोणी कोकण बोटीने गेलेलं असेल तर त्यांना एकदा पुस्तक हातात देऊन शेजारी बसा आणि ते काय बोलतात हे मला लिहून पाठवा, हे मी अगदी हात जोडून मागतेय. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा शांत झाला की मी दुसऱ्या भागासाठी निघणार आहे, जयगडहून पुढे रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला, आणि या वेळी काय बघायचं, कोणाशी बोलायचं हे मला तुमच्या उत्तरांवरून ठरवायचंय. पहिल्या भागात लोकांना माणसं आणि उपयोगाची माहिती हवी होती हे आता मला पक्कं कळलंय, पण मालवणला जाऊन नक्की काय रंगवू, किल्ला की बाजार की होड्या दुरुस्त करणारे लोक, हे तुमच्याकडून ऐकायला मला फार आवडेल.

ताई, तुमच्यासाठी आणि वाचनालयासाठी पुस्तकं घेऊन मी शनिवारी येतेय. तुमची वही परत करायचीय, तिची मी झेरॉक्स काढून ठेवलीये. आणि एक गोष्ट विचारायची राहिलीये. त्या वहीत सगळ्यांचं आहे, आजींचं, मावशींचं, त्या मुलाचं, तुमचं स्वतःचं मात्र एका ओळीतही नाही. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात ते शनिवारी मला सांगाल ना?

तुमची,
गिरगावातली चित्रकार